बे साते चौदा

गाळ्याचा नंबर सांगत नाही.
रबाळे एमआयडीसी, आतली गल्ली,
समोर रंगाच्या डब्यांचं गोडाऊन.
दोन वर्षं मी तिथून टोपल्या उचलल्या.
टोपलीवर पातळ कापड, कापडाखाली हालचाल,
पावतीवर ‘नाजूक माल’.
माझा छोटा हत्ती, माझं डिझेल,
ठाण्यापर्यंत फेरीचे नऊशे.
सिग्नलला मागून कुईकुई आली की
मी रेडिओ वाढवायचो, असं नाही.
ऐकायचो. बरं वाटायचं.
पिल्लं कुणाला आवडत नाहीत?

यांच्या आया कुठे असतात, हे विचारलं नव्हतं.
शटरच्या आत दुसरं शटर होतं
आणि फिनेलचा वास इतका,
की त्यामागे आणखी कसला वास आहे
ते नाकाला सुचायचंच नाही.

मग एका मंगळवारी फोन.
ठिकाण तेच, माणसं वेगळी.
दोन पोलीस, संस्थेच्या झैनब मॅडम,
कोपरापर्यंत हातमोजे.
त्यांना गाडी हवी होती. माझी रिकामी होती.

दुसरं शटर वर गेलं.
पिंजऱ्यावर पिंजरा,
वरचीची घाण खालचीच्या अंगावर.
भुंकलं कोणीच नाही.

मॅडम पट्ट्यावरचे आकडे वाचत होत्या,
मी लिहीत होतो. सहा. नऊ. अकरा.
‘चौदा’ म्हणताच एक लॅब्रॅडोर उठली,
वळली,
शेपटीकडची बाजू जाळीला लावून
उभी राहिली.
मी वहीत बघत राहिलो.

तीच आली माझ्याकडे, महिन्यापुरती,
घणसोली गावात, आमच्या वरच्या खोलीत.
आईनं गुडघे धरत खाली बसून तिचं पोट पाहिलं,
म्हणाली, “ही त बालतीन हाय रं.”
मी म्हटलं, आई, पिल्लं केव्हाच नेली.
कोणी नेली, ते नाही म्हटलं.
आईनं पेज ठेवली पुढ्यात, कोमट, बिनमिठाची.

तिला जिना माहीत नव्हता.
फरशीवर चार पावलं जायची, वळायची;
जिथे भिंत नाही तिथेही वळायची.
खाडीकडच्या बांधावर नेली,
तर गवतावर एक पाय अधांतरी धरून उभी,
कुणीतरी परत बोलवेल म्हणून.
तळव्यांत जाळीचे चौकोन उमटलेले.
डॉक्टर म्हणाले, जातील, वेळ लागेल.

नाव ठेवायचं राहूनच गेलं.

दर्शू संध्याकाळी पाढे म्हणते,
भिंतीला टेकून, पाय हलवत.
बे पंचे दहा. बे सक बारा.
बे साते चौदा —
आणि ती उठली. वळली.
दाराच्या चौकटीला पाठ लावून
उभी राहिली, डोळे मिटून.

मी ओरडलो, पाढा बंद कर!
दर्शू रडली. सोमवारी तिची तोंडी परीक्षा.
पोरीला काय सांगणार,
एवढ्या आकड्यांतला हाच एक का नको ते?

तिनं स्वतःच काढली युक्ती.
‘बे साते’ म्हणून थांबते,
बिस्किटाचा तुकडा जमिनीवर ठेवते,
लांब सरकते,
मग उरलेला शब्द हळूच सोडते.
नऊ दिवस तो तुकडा मुंग्यांनी नेला.
दहाव्या दिवशी मी फेरीवर होतो,
मला आईनं सांगितलं.

काल ‘बे सक बारा’लाच आली, घाईनं.
शेपूट एकदा हलली, दारावर आपटली,
त्या आवाजाला स्वतःच दचकली.
दर्शू म्हणाली, “अगं थांब, साते व्हायचंय अजून!”

महिना संपून गेला.
झैनब मॅडम विचारतात, फॉर्ममध्ये नावाचा रकाना आहे,
काय लिहू?
सांगतो म्हणालो.

गाडी मी तीनदा धुतली, सोड्यानं.
तरी सकाळी खाली उतरलो की
ती मागच्या फळीशी थांबते,
कोपऱ्यात नाक घालून हुंगते,
बराच वेळ.
मी चावी हातात धरून उभा.
फोन वाजतो, गिऱ्हाईकाचा.
वाजू दे.